कर्ण्यावर गायलेला धवला

कोलशेतच्या आवडाबाईला भांडायला कारण लागायचं नाही. खाडीवरून वारा वाकडा आला तरी ती त्याला दोन शिव्या हासडायची. शेजारणीची कोंबडी अंगणात शिरली तर कोंबडी राहायची बाजूला आणि शेजारणीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. खाऱ्या विहिरीच्या आणि आवडाबाईच्या वाटेला जाऊ नये, असं गावात सरळ म्हणायचे. पण घरात लग्न ठरलं की तेच लोक नारळ घेऊन मुकाट तिच्या दारात उभे राहायचे, शिव्या खायचे आणि तारीख घेऊन परत जायचे. कारण आवडाबाई धवलारीण होती.

धवलारीण म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावंच लागतं. ठाण्याच्या खाडीकाठच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, न येतो. आला तरी जेवून दक्षिणा घेऊन जातो. लग्न लावते ती धवलारीण. मांडवात उंबराची डहाळी रोवल्यापासून ती धवले गाते, म्हणजे लग्नाची लांबच लांब गाणी. त्यांत देवांना बोलावणं असतं, गावदेवीला असतं, मेलेल्या आजापणज्यांनासुद्धा असतं. शेवटच्या कडव्याला ती आपल्या हाताने नवऱ्याच्या आणि नवरीच्या तळहाताला हळद लावते. गाणं संपलं की लग्न लागलं. पुढे वाजंत्री वाजो, जेवणं होवोत, माणसं रुसोत, ते सगळं वरचं.

आवडाबाई मूळची मानपाड्याची. लग्न होऊन कोलशेतला आली तर नवरा दारूला पहिला आणि मिठागरात कामाला शेवटचा. हळद उतरायच्या आधीच ती माहेरी पळालेली. तिची सासू धवलारीण होती. ती मानपाड्याला गेली, सुनेला दंडाला धरून परत घेऊन आली आणि म्हणाली, "माज्या तोंडातून निंगालेला धवला हाय त्यो. त्यो परत गिलता येत नाय." आवडाबाईने तो संसार दातओठ खाऊन केला. मिठागरात मीठ ओढून तिचे पाय भेगाळले. नवरा गेला, एकुलती मुलगी बाळंतपणात गेली आणि मागे नात राहिली, गोदा. या सगळ्यात ती त्याच सासूच्या मांडीला मांडी लावून धवले शिकली. जे आपल्याला सुटलं नाही ते दुसऱ्याला का सुटावं, असा तिचा सरळ न्याय होता, आणि त्या न्यायाखाली भरडली गेली ती धाकू पाटलाची बहीण गंगू.

गंगूच्या लग्नात धवला संपला, हळद लागली, आणि मग धाकूच्या कानावर आलं की नवरामुलगा दारू पिऊन माणूस ओळखत नाही. आधी एका बाईला त्याने मारून हाकललंय. धाकू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता, बाप नव्हता. तो मांडवात आडवा पडला की बहीण पाठवणार नाही. सगळे आवडाबाईच्या तोंडाकडे बघायला लागले. ती एवढंच म्हणाली, "धवला झाला. लगीन लागला. आता ती त्यांची." गंगू गेली. वर्षभराने परत आली ती मोडलेला हात घेऊन. तो हात वाकडाच जुळला. नवरा पुढे परागंदा झाला. सासरचे काडी मोडून तिला मोकळी करेनात, आणि आगऱ्यांत पंचांपुढे काडी मोडल्याशिवाय सोडचिठ्ठी होत नाही. शेवटी जमातीचे पंच म्हणाले, सासरचे मोडत नसतील तर जिने लग्न लावलं तिने मोडली तरी चालेल. धाकूने आवडाबाईच्या पायाशी काडी ठेवली. तिने ती काडी पायाने बाजूला सारली. तेव्हापासून गंगूबाई भावाच्या घरी होती. सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर मेल्याची खबर नाही, दुसरा घरोबा करावा तर मोकळीक नाही. केस पांढरे व्हायला लागले तरी ती तशीच होती.

एवढं असूनही त्याच धाकूने आवडाबाईच्या गोदाला आपल्या मुलासाठी, राघोसाठी, मागणी घातली. तोवर धाकूचे दिवस पालटलेले. खाडीकडची जमीन कारखान्याला विकून त्याने लॉरी घेतलेली, तो ठाण्यात हायस्कुलाच्या कमिटीवर बसलेला. गोदा गावातली मॅट्रिकपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. तिला पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाऊन शिक्षिका व्हायचं होतं, आणि आवडाबाईलाही, कधी नव्हे ते, कुणाचं तरी बरं व्हावं असं वाटत होतं. राघो त्याच हायस्कुलात होता, मॅट्रिकला आपटून आपटून वर्गाच्या बाकासारखा जुना झालेला. मुलगा वाईट नव्हता, पण त्या घरात गेली की गोदाची पुस्तकं चुलीत जाणार हे उघड होतं.

आवडाबाईने नुसतं नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं. तिने भर पाणवठ्यावर सांगितलं, "त्या घरात एक बाई कुजत बसलीय. माजी पोर नाय मी तिथं देनार."

ते धाकूच्या कानावर गेलं. ज्या बाईने बहीण कुजवली तिनेच ती कुजते म्हणून बोट दाखवावं, हे त्याच्या काळजात रुतलं.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाने ठाण्यात हायस्कुलांच्या मुलांसाठी जगातल्या भाषांचा आणि संस्कृतींचा मेळावा भरवायचं ठरवलं. पन्नास सालानंतरचे दिवस ते. जगाची ओळख करून द्यायची हौस सगळ्यांनाच होती. हायस्कुलाच्या पटांगणात मांडव पडणार, फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी, फारशी, तामिळ, प्रत्येक भाषेचं एक दालन, आणि मधोमध रंगमंच. मुंबईहून येणारे प्राध्यापक म्हणाले, जग दाखवताय तर आपला जिल्हाही दाखवा. कमिटीत बसलेल्या धाकूने हात वर केला. आगऱ्यांचं लग्न दाखवू, म्हणाला, आणि आमची धवलारीण गाईल.

बोलवायला आल्या मंदाकिनीबाई. गोदाच्या वर्गशिक्षिका, टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या, सुती पातळ, पायांत चप्पल, बोलणं अगदी इस्त्रीचं.

"आवडाबाई, तुमची गाणी म्हणजे आपल्या जिल्ह्याचं लेणं आहे. ती जगापुढे यायला हवीत."

आवडाबाईला 'तुम्ही' येत नव्हतं. ती मामलेदारालाही 'तू' म्हणायची. "जगापुढं गाऊन कोनाचा लगीन लावू? तुजा?"

मंदाकिनीबाईंचा चेहरा पडला. आवडाबाईला त्याचा आनंद झाला, तो तिने लपवलाही नाही. लग्न नसताना धवला गात नाहीत, तिने बजावलं. समोर मुलगा आणि मुलगी बसवून गायलं की लागलं लग्न, मग तो मांडव शेतातला असो की शाळेतला. पण गोदा दाराशी पदराचं टोक पिळत उभी होती. ट्रेनिंग कॉलेजात शिफारस याच बाई करणार होत्या, आणि आजीने त्यांना उभ्या उभ्या हाकललं तर पोरीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मग आवडाबाईने तोड काढली. दोघेही पोरगेच बसवा. एकाला लुगडं नेसवा. दोन पोरग्यांचं काही लग्न लागत नाही, तेव्हा तिथे धवला गायला तरी तो नुसतं गाणंच राहील.

धाकू बरोबर आलेला. तो लगेच म्हणाला, "काकी, तू म्हनशील तसा. आमचा राघो नवरा व्हईल, आनि त्याच्या वर्गातला विठ्ठल नवरी." एवढा गोड धाकू आवडाबाईने जन्मात पाहिला नव्हता. तिथेच तिला वास यायला हवा होता. पण कर्ण्यावरून आपला आवाज साऱ्या ठाण्याला ऐकू जाईल, हे तिच्या मनाने आतल्या आत धरलेलं. माणूस घसरतो तो बहुधा असल्याच जागी.

मेळाव्याच्या दिवशी धाकूने लॉरी काढली आणि अर्धं कोलशेत त्यात भरून नेलं. जमातीचे पंच अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी. गंगूबाईसुद्धा आलेली, ती कधी घराबाहेर पडायची नाही, त्या दिवशी भावाने तिला हात धरून लॉरीत चढवलं. आवडाबाईने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पटांगणात ही गर्दी. कल्याण-डोंबिवलीपासूनच्या शाळांची मुलं रांगांनी फिरत होती, प्रत्येक दालनात नमस्कार कसा करतात ते शिकत होती आणि बाहेर येऊन एकमेकांवर त्याचा प्रयोग करत होती. जपानी दालनात कागदाचे पक्षी घडत होते. फ्रेंच दालनात एक गृहस्थ ओठांचा चंबू करून काहीतरी म्हणत होते आणि पन्नास पोरं त्यांच्यामागून चंबू करत होती. आवडाबाई त्यांच्यासमोर थांबली, पाहिलं आणि म्हणाली, "या मेल्याला दात दुखतान काय?" रशियन दालनातल्या बाईने तिला गरम गरम काळा चहा दिला, तो तिने एक घोट घेऊन तिच्यादेखत मातीत ओतला. कुणी तिला पाहून, ही कुठल्या दालनातली, असं विचारलं. तिने असं काही उत्तर दिलं की विचारणारा पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

इकडे रंगमंचामागे काय झालं ते तिला नंतर कळलं. आपण आत्ताच कळून घेतलेलं बरं. विठ्ठल लुगडं नेसून आला आणि पोरं फिदीफिदी हसायला लागली. मंदाकिनीबाई संतापल्या. "हा काय तमाशा आहे? विद्यापीठाची माणसं समोर बसली आहेत. चोपन्न साल आहे हे, मुलीचं काम मुलीनेच करायचं." त्यांनी गोदाला पुढे केलं. गोदाला मनातून तेच हवं होतं. आपल्या आजीसमोर, आपल्या गावाच्या लग्नात नवरी व्हायचं, तेही खोटं खोटं, त्यात काय बिघडतं? तरी ती म्हणाली, "आजीला विचारते." धाकू तिथेच उभा होता, बाई असंच करतील हे तो ओळखून होता. "तू तयार व्ह, पोरी. मी सांगतो काकीला."

त्याने सांगितलं नाही.

रंगमंचावर उंबराची डहाळी रोवलेली, बाजूला शोभेला भाताच्या पेंढ्या बांधलेल्या. पाटावर राघो, त्याच्या शेजारी हिरव्या लुगड्यातली नवरी, पदर नाकाखाली ओढलेला आणि वर बाशिंग. आवडाबाईने तिकडे धड पाहिलंसुद्धा नाही. मनात म्हणाली, विठ्ठल बराच बारीक दिसतो लुगड्यात. मग तिने डोळे मिटले. ती धवला नेहमी डोळे मिटूनच गायची.

आवाज कर्ण्यातून निघाला आणि पटांगण गप्प झालं. देव झाले, गावदेवी झाली, आजेपणजे झाले. काय वाट्टेल ते म्हणा, ती गायला बसली की तिच्यात भांडखोर बाई उरायची नाही. पुढच्या रांगेतल्या कोलशेतच्या बायांनी सवयीने पदर डोक्यावर घेतले. शेवटचं कडवं सुरू झालं, तिने हळदीची वाटी घेतली, आधी नवऱ्याच्या हाताला लावली, मग नवरीचा हात ओढून तळहात उलटा केला.

अंगठ्याच्या मुळाशी एक जाड वण होता.

लहानपणी गोदा खाडीतली निवटी मासळी साफ करायला बसली आणि विळीवर हात कापून घेतला, तेव्हा त्या जखमेत हळद आवडाबाईनेच दाबून भरलेली. तो वण तिने अंधारात चाचपून ओळखला असता. तिने डोळे उघडले. बाशिंगाआडून गोदा हसत होती, आजीला कसं फसवलं म्हणून.

गाणं तिच्या तोंडात होतं. थांबावं, तर अर्धा सोडलेला धवला नवरीच्या मुळावर येतो, हे तिनेच साऱ्या गावाला शिकवलेलं. संपवावा, तर लग्न लागलं, हेही तिनेच शिकवलेलं. तिने पुढच्या रांगेत पाहिलं. अण्णा मान डोलावत होते. धाकू मान डोलावत नव्हता. तो तिच्याकडे टक लावून बघत होता, आणि तेव्हा तिला सगळं कळलं. पण पोरीच्या जिवाशी खेळ नको, म्हणून तिने कडवं शेवटपर्यंत म्हटलं.

टाळ्या संपायच्या आत धाकू रंगमंचावर चढला. हातात हार होता. त्याने कर्ण्यापुढे तोंड नेलं.

"काकी, धवला झाला?"

"धाकू, खाली उतर."

"नवरा पोरगा हाय, नवरी पोरगी हाय. हलद तुज्या हातची, गाना तुज्या तोंडचा. पंच समोर बसलेत. लगीन लागला का नाय, तेवरा सांग. लागला आसल तर सून घेऊन जातो मी."

प्राध्यापकांना वाटलं, हा लग्नाचाच भाग. एकाने टिपून घेतलं. मंदाकिनीबाई मात्र थोड्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. गोदाने बाशिंग वर केलं. तिचं हसू केव्हाच गेलेलं. "आजी," ती म्हणाली, "हे नाटक आहे ना?"

आवडाबाईला धाकूच्या नरड्याचा घोट घ्यावासा वाटला. ती त्याला कर्ण्याबाहेर हळूच म्हणाली, "मेल्या, पोरीचं वाटोलं करशील."

"मी नाय. तुजा न्याय करील," धाकू म्हणाला. "नायतर न्याय खोटा म्हन. मना दोन्ही चालतान."

अण्णा उभे राहिले. म्हातारा माणूस, त्याला गंमत आणि कायदा यांतला फरक असल्या बाबतीत कळत नव्हता. तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता, आणि मागचं अर्धं कोलशेत वाट बघत होतं. आवडाबाईने हो म्हटलं असतं तर त्यांनी गोदाला त्याच लॉरीतून धाकूच्या घरी नेऊन उतरवलं असतं, आणि मॅट्रिकची परीक्षा राहिली असती बाजूला. गप्प राहिली असती तरी तेच.

आवडाबाई पाटावरून उठली. ती नेहमी अंगावर जाऊन बोलायची, त्या दिवशी तिला कर्ण्यापर्यंतची दोन पावलं जड गेली.

"नाय लागला."

"मोठ्यानं बोल," धाकू म्हणाला. "मागं ऐकू जात नाय."

"लगीन नाय लागला. धवला गायल्याना लगीन लागत नाय. ही गानी हायत. माज्या सासूनं मना खोटा सांगला, आनि मी तुमाला."

कर्ण्यातून ते टेंभी नाक्यापर्यंत गेलं असेल. कोलशेतच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. जिच्या शब्दावर त्यांची लग्नं लागलेली, ती सासूचं नाव घेऊन सगळं नासवून मोकळी झालेली. एकीने तोंडाला पदर लावला. धाकूने हार खाली टाकला. त्याला जे हवं होतं ते मिळालेलं. लेकाला बायको मिळावी म्हणून तो आलाच नव्हता. तो बहिणीकडे वळून बघणार, तेवढ्यात गंगूबाई स्वतःच उठून रंगमंचाच्या पायऱ्या चढत होती.

ती भावाजवळ थांबली नाही. आवडाबाईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत दोघी कधी समोरासमोर आलेल्या नव्हत्या; आवडाबाई वाट बदलायची.

"मंग माजा?" गंगूबाईने विचारलं.

ती हळू बोलली, पण कर्णा चालू होता.

गंगूबाईने वाकड्या हाताने बाजूच्या पेंढीतून भाताची एक काडी ओढली आणि पुढे धरली.

"मोड."

अण्णा उभेच होते. पंच समोर होते, लग्न लावणारी होती, काडी होती. मागे याच काडीला आवडाबाईने पाय लावलेला. आता तिने हात पुढे केला. बोटांना हळद होती, काडी निसटत होती, एकदा तर खाली पडली. आवडाबाई खाली वाकली, ती उचलली आणि दोन्ही हातांनी मोडली.

गंगूबाईने दोन्ही तुकडे तिच्या हातांतून काढून घेतले, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले आणि पायऱ्या उतरून चालायला लागली. लॉरीकडे गेली नाही. फाटकातून बाहेर पडली आणि कोलशेतच्या रस्त्याला लागली. धाकू तिच्यामागे धावला. गोदा पाटावर बसून हळदीचे हात लुगड्याला पुसत रडत होती.

पटांगणातल्या मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवटचा प्रवेश त्यांना सगळ्यांत जास्त आवडला. टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्या झाल्या, आणि मागून एकाने सुरू केलं तसं सगळं पटांगण ओरडायला लागलं, वन्समोर, वन्समोर.

मंदाकिनीबाई गोंधळलेल्या चेहऱ्याने पुढे आल्या. "आवडाबाई, मुलं पुन्हा मागताहेत. तुम्ही..."

आवडाबाई आपल्या पिवळ्या बोटांकडे बघत होती.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "धवलारीण मेली."